केरी ते अंतराळ

गेल्या पी.एल.मध्ये, म्हणजे एम-थ्री सोडून जगातलं काहीही वाचावंसं वाटतं त्या दिवसांत, मी ॲन मॅकॅफ्रीची ‘ड्रॅगनसाँग’ ही १९७६ सालची कादंबरी वाचली. तिच्यात मेनोली नावाची मुलगी गाणी रचते. पण मुलींनी हे करायचं नसतं म्हणून वडील तिचं गाणं बंद करतात. ती घर सोडते, गुहेत राहते, इवल्या इवल्या ड्रॅगन्सना गाणं शिकवते आणि शेवटी आपल्या जागी पोचते. पहाटे तीनला पुस्तक मिटलं आणि मी चक्क रडले. कारण दहावीच्या वर्षी आमच्या घरची पेटी पलंगाखाली गेली, ती अजून तिथेच आहे. फरक एवढाच, की मला कोणी मना केलं नव्हतं. मीच ठेवली होती.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली की ड्रॅगन राहू देत, आधी केसरबाई केरकर कोण ते शोध. कॉन्व्हेंटच्या कृपेने मला मोझार्ट ठाऊक, केसरबाई नाहीत! मग लायब्ररी गाठली. जे सापडलं ते माझ्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगते.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा. तेव्हा तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. घराणं कलावंत समाजातलं. या घरातल्या बायकांचं गाणं लोकांना हवं असायचं, पण त्या बायकांना मान द्यायची वेळ आली की हात आखडायचा. आठ वर्षांच्या केसरला कोल्हापूरला नेलं, तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे आठेक महिने शिकणं झालं. मग परत गोवा आणि रामकृष्णबुवा वझे. सोळाव्या वर्षी आई आणि मामांबरोबर मुंबई. तिथे बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले. नावं एकाहून एक मोठी, पण तालीम सलग कुठेच नाही. थोडं मिळायचं आणि तुटायचं. आपल्याकडे दर सेमिस्टरला मध्येच सर बदलले तर आपण किती कुरकुर करतो! इथे तर अख्खी उमेदीची वर्षं अशी गेली.

१९२१ मध्ये त्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. तेव्हा त्या तिशीला टेकल्या होत्या. मला खरी गंमत इथे वाटते. तोवर त्या गात नव्हत्या असं नाही, पण एवढं शिकून झाल्यावर त्यांनी पुन्हा शिष्या होऊन पहिल्यापासून सुरुवात केली. खाँसाहेबांची गायकी अवघड. लांब दमसास, खुला आकार, अनवट राग आणि एकातून दुसरी निघणारी गुंतागुंतीची तान. १९४६ साली खाँसाहेब गेले, तोपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं, त्यांचं शिकणं चालू होतं. आपली डिग्री चार वर्षांची!

मग मान आपणहून चालत आला. १९४८ मध्ये कलकत्त्याला ‘सूरश्री’ ही पदवी, १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने त्यांना राज्यगायिका केलं. स्वभाव करारी. मैफलीत कोणी हलगर्जीपणा केलेला त्यांना खपत नसे. १९६० च्या दशकात, आवाज उतरायच्या आत, त्यांनी स्वतःहून मैफली थांबवल्या.

आता आपल्या ब्रँचचा भाग. १९७७ मध्ये नासाने दोन व्हॉयेजर यानं सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे. कोणी परग्रहवासी भेटलाच तर त्याला पृथ्वीची ओळख व्हावी म्हणून. कार्ल सेगन यांच्या समितीने तिच्यात बाख, बीथोव्हन, मोझार्ट घेतले आणि भारतातली एकच रचना घेतली: केसरबाईंची भैरवी. साडेतीन मिनिटांची. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या प्रभावाचं क्षेत्र ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरलं. केरीची मुलगी आता तिथे आहे.

ती भैरवी मी हेडफोन लावून ऐकली. पहिल्यांदा काही कळलं नाही, खरं सांगते. आवाज जरा जाडा वाटला. चौथ्यांदा ऐकताना मेसची वेळ निघून गेली.

विसाव्या वर्षी पुन्हा सा लावायचा म्हणजे उशीर झाला असं मला वाटत होतं. दिवाळीत घरी गेले की पेटी बाहेर काढणार आहे. भाता फाटला असेल कदाचित. हॉस्टेलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, पहाटे साडेपाचला बेसूर आवाज आला तर ब्लॉकमधल्या मैत्रिणींनी कृपया रेक्टर मॅडमकडे जाऊ नये. रूम पार्टनरने परवानगी दिली आहे. तिची एकच अट आहे, सबमिशनच्या आठवड्यात सुट्टी.