र. धों. कर्वे आणि गावातली बाई

दोन मुलींनंतर पाळणा थांबवायचा की मुलासाठी आणखी एक बाळंतपण सोसायचे, हे आजही अनेक गावांत बाई ठरवत नाही. सासू ठरवते, नवरा ठरवतो, भावकी ठरवते. आशाताई तांबीची माहिती देऊन जातात आणि शेजारीण ती काळजात चढते म्हणून भीती घालते. अशा वेळी आम्हाला रघुनाथ धोंडो कर्वे आठवतात.

१८८२ साली जन्मलेला हा माणूस महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा थोरला मुलगा. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना त्याची आई राधाबाई बाळंतपणात गेली. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले; भारतातले ते पहिलेच. या कार्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. पण माघार घेतली नाही. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मरेपर्यंत पदरमोड करून चालवले. मूल हवे की नको हा स्त्रीचा अधिकार आहे, एवढेच ते सांगत होते. सनातन्यांना तेच झोंबले. अश्लीलतेचे खटले भरले गेले.

१९३४ च्या खटल्यात कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांवर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. बाबासाहेबांनी विचार मात्र सोडला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यासाठीचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. सभागृहाने ठराव फेटाळला. तेव्हा बाबासाहेब थेट बायांकडे गेले. १९४२ साली नागपूरच्या दलित महिला परिषदेत त्यांनी हजारो स्त्रियांना लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, असे बजावले. जो निर्णय घराने आणि जातीने बळकावला होता, तो त्यांनी बाईच्या हाती दिला.

आज साधने सरकारी दवाखान्यात मिळतात. मग अडते कुठे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदी अवघी ०.३ टक्के. आणीबाणीत, १९७५ ते ७७ या काळात, गोरगरीब पुरुषांवर झालेल्या सक्तीची दहशत यामागे आहे, हे आम्ही विसरत नाही. पण तेवढेच कारण नाही. ऑपरेशनने पुरुषाची ताकद जाते, हा खोटा समज गावोगाव पोसला गेला. म्हणून पोट बाईनेच फाडून घ्यायचे!

कर्व्यांनी मूल न होऊ देण्याचे पत्नी मालतीबाईंच्या संमतीने ठरवले आणि शस्त्रक्रिया स्वतःवर करून घेतली. जे लिहिले ते जगले.

आम्ही भीमजयंतीला मिरवणूक काढतो, बाबासाहेबांचे नाव घेतो. घरी सुनेला आणखी एक संधी घे म्हणून दटावणारे आपल्या वस्तीतही आहेत. १९३४ साली कोर्टात उभे राहिलेले बाबासाहेब आपल्या घरातल्या सुनेच्या बाजूनेही उभे होते, हे आपण केव्हा ओळखणार?