महदंबांचा आनंद : सन्निधानी आणि असन्निधानी

जीवाच्या वाट्याला येणारे सुख आणि दुःख ही दोन्ही कर्मफळे होत, आणि दोन्हीही बंधनच आहेत, हे आपल्या शास्त्रात सर्वत्र प्रतिपादन केलेले आहे. देवतांच्या हातून मिळणारे फळ कितीही गोड असले तरी ते भोगून संपते आणि जीव पुन्हा पूर्वस्थितीला येतो. परमेश्वरापासून होणारा आनंद या जातीचा नव्हे. हे सूत्ररूपाने समजणे कठीण नाही. कठीण आहे ते पुढचे. ज्या जीवाने अवताराचे प्रत्यक्ष सन्निधान अनुभवले, त्याच्या मुखीचे शब्द ऐकले, त्याची सेवा केली, त्याच्याकडून ते सन्निधान काढून घेतले गेले, तर त्याच्या आनंदाचे काय होते? तो सन्निधानावर अवलंबून असेल तर सन्निधानाबरोबरच संपावयास हवा. मग ते एक दीर्घ आणि श्रेष्ठ सुखच ठरेल, आणि आम्हां असन्निधानीच्या जीवांना त्याची आशा धरण्याचे कारण उरणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर केवळ सूत्रांच्या विवरणातून शोधण्यापेक्षा एखाद्या चरित्रातून शोधणे अधिक उपकारक होईल, या विचाराने महदंबांचे चरित्र येथे घेतले आहे. मराठी वाङ्मयाचे इतिहासकार त्यांना आद्य मराठी कवयित्री म्हणून गौरवितात. हा गौरव यथार्थ आहे. पण आमच्या मते त्यात मुख्य गोष्ट झाकली जाते. महदंबा कवयित्री होण्यासाठी गायिल्या नाहीत. त्या सेवेला उभ्या होत्या आणि त्या दिवशी गाणे हीच सेवा होती.

तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या राजवटीत, एका विद्यासंपन्न ब्राह्मण घराण्यात महदंबांचा जन्म झाला. लीळाचरित्रात त्या महदाइसा या नावाने येतात. आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्य म्हणजेच भटोबास हे त्यांचे चुलतबंधू. बालपणीच त्यांना वैधव्य आले. त्या काळी अशा स्त्रीच्या पुढे काय उरत असे, हे सांगण्याची गरज नाही. संसाराचे दार लागलेले, शास्त्राचे दार उघडलेच नव्हते. घरात विद्या होती, बुद्धी तीक्ष्ण होती, पण त्या बुद्धीला विचारावयास कोणी मोकळीक देणारा नव्हता. प्रथम त्या रामदेव ऊर्फ दादोस यांच्या शिष्यवर्गात आल्या आणि त्यांच्याच योगे त्यांना सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे दर्शन घडले.

स्वामींनी स्त्रियांना धर्मश्रवणाचा आणि अनुसरणाचा अधिकार पुरुषांच्या बरोबरीने दिला. ही गोष्ट आज आपण सहज बोलून जातो. तीमागील क्रांती ज्यांना कळावी त्यांनी महदाइसांच्या पृच्छा वाचाव्यात. लीळाचरित्रात पानोपानी त्या विचारीत असतात. पूर्वीच्या अवतारांविषयी, देवतांविषयी, आचारातील बारकाव्यांविषयी, ऐकलेल्या एखाद्या कथेच्या अर्थाविषयी त्यांचे प्रश्न येतात, आणि एका उत्तराने समाधान झाले नाही तर पुन्हा प्रश्न येतो. स्वामींना त्यांची ही जिज्ञासा प्रिय होती. कित्येक लीळा आणि कित्येक वचने आज आपल्या हाती आहेत ती महदाइसांनी विचारले म्हणून. साधकाने हे ध्यानात ठेवावे की सन्निधानातील त्यांचा आनंद मूकपणे चरणाशी बसण्याचा नव्हता. जाणण्याची इच्छा आणि जाणविणारा यांच्या भेटीतला तो आनंद होता.

या काळातही सर्व गोडच होते असे नाही. दादोसांचे शिष्य जसजसे स्वामींकडे वळले तसतसे दादोसांचे मन दुरावत गेले. ज्यांच्या योगे परमेश्वर भेटला त्यांच्याच रोषाचा विषय व्हावे लागणे हे कृतज्ञ अंतःकरणाला लहान दुःख नव्हे. बाहेर विद्वानांचा आणि राजसत्तेतील प्रबळांचा विरोध वाढत होता. आणि शके ११९६, म्हणजे इ.स. १२७४ च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले.

येथे चरित्राला पहिला मोठा खंड पडतो. अनुसरलेल्या भक्तांची त्या वेळची अवस्था आपल्या ग्रंथांनी झाकून ठेवलेली नाही. शोक झाला, तो पराकोटीचा झाला. भटोबासांसारखा पुरुष त्या वियोगाने व्याकूळ झाला, तेथे इतरांची कथा काय! कित्येकदा प्रवचनातून असे ऐकावयास मिळते की ज्ञानी भक्ताला शोक स्पर्श करीत नाही. महदाइसांच्या परिवाराचा इतिहास याला साक्ष देत नाही. ज्ञान होते आणि शोकही होता. परमेश्वराच्या वियोगाचे दुःख हे प्रपंचातील दुःखासारखे कर्मफळ नाही, ते त्याच्याच प्रेमाची दुसरी बाजू आहे, म्हणून ते दडपावयाचे कारण नव्हते. प्रश्न शोकानंतर काय केले, हा आहे.

त्यांनी आज्ञा पाळली. स्वामींच्या गमनानंतर भक्तपरिवार ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी गेला. आजच्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले हे गाव. तेथे महदाइसांच्या समोर परमेश्वराचे सर्वस्वी निराळे रूप होते. स्वामी प्रश्नाला उत्तर देत, दृष्टांत सांगत, समजावीत. श्रीप्रभूंची राहाटी वेड्यासारखी. ते कोणाच्याही घरी शिरत, हाताला लागेल ते खात, क्षणात हसत, क्षणात कोपत, मुलांत खेळत, वाटेल ते मागत आणि आणून दिले की नाकारीत. ज्या स्त्रीचे सारे सुख प्रश्नोत्तरात साठलेले होते, तिला आता जेथे प्रश्नच विचारता येत नाही अशा सेवेला उभे राहावयाचे होते. आमच्या मते महदाइसांची खरी कसोटी येथेच लागली. वियोगाच्या पहिल्या आघातापेक्षाही ती अवघड होती, कारण आघात एक दिवस येतो आणि ही सेवा रोजची होती.

श्रीप्रभुचरित्रातील ढेंढऱ्याची लीळा सर्वांच्या परिचयाची आहे. श्रीप्रभूंनी महदाइसांपाशी ढेंढरे मागितले. तो पदार्थ कोणता हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी आपल्या समजुतीने एक पदार्थ करून आणला, तो प्रभूंनी नाकारला. दुसरा केला, तोही नाकारला. रागावणेही झाले. पुन्हा चूल, पुन्हा नवा घाट, पुन्हा वाढणे. अखेर एक पदार्थ प्रभूंनी मान्य केला आणि आरोगणा झाली. ही लीळा वाचताना श्रोते हसतात, आणि हसावे अशीच ती आहे. पण क्षणभर महदाइसांच्या जागी उभे राहून पाहावे. ही तीच विदुषी, जी स्वामींना शास्त्रातील सूक्ष्म भेद विचारीत असे. आता तिची बुद्धी एका अज्ञात पदार्थाचा आकार शोधण्यात खर्ची पडते आहे, आणि लीळेत कोठेही तिने कंटाळून चुलीपासून उठल्याचे येत नाही. जिज्ञासा तीच राहिली, फक्त तिचा विषय पालटला. पूर्वी परमेश्वराने काय सांगितले हे जाणावयाचे होते, आता त्याला काय हवे आहे हे जाणावयाचे होते.

या सेवेच्या काळातच धवळ्यांचा प्रसंग आला. श्रीप्रभूंना विवाहाचा छंद लागला. भक्तांनी सोहळा मांडला. लग्न म्हटले की धवळे आले, आणि ते गाण्याचे काम महदाइसांकडे आले. त्यांनी श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची कथा धवळ्यांत गायिली. अभ्यासकांनी हा काळ इ.स. १२८७ च्या सुमाराचा मानला आहे. पूर्वार्ध त्या प्रसंगी झाला आणि उत्तरार्ध त्यांनी मागाहून रचला. पूर्वार्धात ८३ आणि उत्तरार्धात ६५ अशा एकूण १४८ ओव्या आज आपणांपुढे आहेत.

बालपणी विधवा झालेली स्त्री मंगलाष्टकाच्या वेळी गाते आहे, हे दृश्य त्या काळच्या लोकाचाराच्या नजरेने पाहिले पाहिजे. मंगल कार्यात जिची सावलीही नको मानली जात असे, तिला परमेश्वराच्या विवाहात धवळे गाण्याचा मान मिळाला. लोकांनी तिच्यापासून जे हिरावून घेतले होते, ते परमेश्वराने तिच्या मुखातून वदवून घेतले. तिने गायिलेली कथाही पाहावी. रुक्मिणीने श्रीकृष्णाला पाहिलेले नाही, त्याची कीर्ती ऐकली आहे. घरचे विरुद्ध आहेत, शिशुपालाशी विवाह ठरला आहे, ब्राह्मणाहाती निरोप धाडला आहे, आणि तो येईपर्यंत वाट पाहावयाची आहे. हे गाताना गायिकेच्या अंतःकरणात उत्तरापंथे गेलेल्या स्वामींची वाट नसेल असे म्हणवत नाही. धवळे हे मंगल गीत आहे. त्यात वियोगाची आर्तता मुरलेली आहे, म्हणूनच ते रसाळ झाले आहे. सन्निधान आणि असन्निधान, दोहोंचा अनुभव असलेल्या कंठाखेरीज हे गीत असे उतरले नसते.

आणि मग इ.स. १२८७ मध्येच श्रीगोविंदप्रभूंनी देह ठेवला.

तेरा वर्षांत दुसऱ्यांदा तेच घडले. पहिल्या वेळी जावयाला ऋद्धिपूर होते. आता तेही नव्हते. आता खऱ्या अर्थाने असन्निधान सुरू झाले, जे आजही चालू आहे. या ठिकाणी महदाइसा आणि आपण एका पातळीवर येतो. त्यांच्याजवळ उरले ते आपल्याजवळही आहे: नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण. आणि स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक यांचा संबंध. अर्थात त्यांचे स्मरण पाहिलेल्याचे होते आणि आपले ऐकलेल्याचे आहे, हा भेद आहेच. परंतु ऐकलेल्याचे स्मरण आपणांस शक्य झाले ते या पिढीमुळे.

कारण या परिवाराने आपले स्मरण स्वतःपुरते ठेवले नाही. भटोबास एकांतात लीळांचे स्मरण करीत असत, त्यातून म्हाइंभटांना त्या लिहून ठेवण्याची प्रेरणा झाली आणि ज्यांनी ज्यांनी जे पाहिले होते त्यांच्याकडून ते संपादून लीळाचरित्र सिद्ध झाले. महदाइसांजवळचा ठेवा या ग्रंथात मिळालेला आहे. वियोगाचे दिवस जे शोकाने भरून जावयाचे, ते आठवण्यात आणि सांगण्यात भरले गेले. एकाच लीळेविषयी दोघांची आठवण भिन्न पडे, तेव्हा दोन्ही पाठ नोंदले जात. वृद्ध झालेली माणसे एका आठवणीतील शब्दासाठी इतका काटेकोरपणा दाखवितात, ते ती आठवण त्यांचे जीवन आहे म्हणूनच.

महदाइसांच्या नावावर मातृकी रुक्मिणी स्वयंवर ही आणखी एक रचना आहे. मातृका म्हणजे वर्णमाला. एकेका वर्णाच्या क्रमाने तीच रुक्मिणीची कथा त्यांनी पुन्हा गुंफली. धवळ्यांचा उत्तरार्ध आणि ही रचना यांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट दिसते. सोहळा आटोपला, ज्यांच्या सोहळ्यात गायिले ते प्रभूही गेले, तरी गाणे थांबले नाही. ज्याने ऐकावे तो समोर बसलेला नसतानाही त्या त्याच्यासाठीच गात राहिल्या.

उत्तरायुष्यातील काळ देशालाही कठीण होता. इ.स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली आणि ज्या राज्याच्या छायेत हा परिवार वाढला होता ते डळमळू लागले. मार्ग असुरक्षित झाले. पंथाची धुरा भटोबासांवर होती आणि वयाने थकलेल्या महदाइसा त्यांच्या सोबत होत्या. भटोबासांनी मराठीचा आग्रह धरला तो याच काळातला. केशिराजबासांसारख्या संस्कृतज्ञांना त्यांनी संस्कृतापासून परावृत्त केले, कारण धर्म संस्कृतात गेला तर आपल्या वृद्ध स्त्रिया त्याला मुकतील ही चिंता त्यांना होती. ही चिंता करताना त्यांच्या डोळ्यांपुढे कोण होते, हे निराळे सांगावयास नको.

पुढे महदाइसांचे देहावसान झाले. आचार्यांना त्या केवळ भगिनी नव्हत्या. आपली आणि आपल्या धर्माची राखण करणारी वृद्धा गेली, असे त्यांनी मानले आणि शोक केला. स्मृतिस्थळात ही आठवण नोंदलेली आहे. ज्यांना स्वतःच्या लहानपणी कोणी राखणारे नव्हते, त्यांनी धर्म राखला, असा निर्वाळा पंथाच्या आद्य आचार्यांकडून मिळाला. धवळे त्यांच्या मागे कंठोकंठी राहिले, पुढे पोथ्यांतून उतरले, आणि आजही आपल्या मठांतून ते वाचले जातात.