छिन्नीवाला बोरोमिनी

आर्किटेक्चरला असाल तर बोरोमिनी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. बाकीच्यांनी आज ऐकाच. कारण हा गडी कॉलेजात नाही, दगडाच्या धुळीत शिकला.

१५९९ साली लुगानो सरोवराकाठच्या बिसोने गावात, म्हणजे आजच्या स्वित्झर्लंडमध्ये, त्याचा जन्म झाला. मूळ नाव फ्रान्चेस्को कास्तेल्ली. वडील दगडकाम करायचे. पोरवयातच त्याला हे काम शिकायला मिलानला धाडलं. विशीत तो रोमला पोचला. तिथं त्याचा नातेवाईक कार्लो मादेर्नो सेंट पीटर्स चर्चचा मुख्य वास्तुकार होता. त्याच्या हाताखाली दगड कोरता कोरता बोरोमिनी नकाशे काढू लागला.

१६२९ मध्ये मादेर्नो गेला आणि त्याची जागा मिळाली बर्निनीला. तो बोरोमिनीपेक्षा जेमतेम वर्षाने मोठा, मुळात शिल्पकार, पण पोपचा लाडका. ही सल बोरोमिनीच्या मनात कायमची राहिली.

१६३४ मध्ये त्याला पहिलं स्वतंत्र काम मिळालं. गरीब स्पॅनिश साधूंचा मठ, चौकातली अडचणीची जागा आणि पैशांची चणचण. बोरोमिनीने मानधनच घेतलं नाही! महागड्या संगमरवराऐवजी वीट आणि गिलावा वापरून त्याने सान कार्लो चर्चच्या भिंतींना लाटांसारखं वळवलं. लंबगोल घुमटातले नक्षीचे कप्पे वर जाताना लहान होत जातात, त्यामुळे घुमट आहे त्याहून उंच भासतो.

हे जमलं कसं? मठातल्याच एका साधूने लिहून ठेवलंय, की बोरोमिनी गवंड्याची थापी, सुताराची करवत, पाथरवटाची छिन्नी कशी चालवायची ते स्वतः उभं राहून दाखवायचा. त्यामुळे काम चांगलं व्हायचं आणि खर्चही कमी यायचा.

स्वभाव मात्र तापट. त्यापायी कामंही हातची गेली. शेवटी आजारपण आणि नैराश्यात १६६७ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. तेव्हा सान कार्लोचा दर्शनी भाग अपुराच होता.

पुढे स्वित्झर्लंडने १०० फ्रँकच्या नोटेवर त्याचा चेहरा छापला. पण त्याची स्वतःची शेवटची इच्छा साधी होती. त्याला मादेर्नोच्याच कबरीत पुरलं गेलं. रोमला गेलात, तर सान जोव्हान्नी देई फियोरेंतीनी चर्चमध्ये थांबा. तिथं गुरू-शिष्य एकत्र विसावलेत.