भरतपूरचा राजा सूरजमल

आपल्या वऱ्हाडातील पुष्कळ गावांत पांढऱ्या मातीच्या जुन्या गढीचा ढिगारा अद्याप दिसतो. लोक तेथील माती घरकामासाठी उकरून नेतात. ती गढी कशासाठी उभारली होती ह्याचा विचार फारसा कोणी करीत नाही. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत स्वार येत असल्याची वर्दी आली, की बायकापोरे, म्हातारीकोतारी व दाणागोटा गढीत घेऊन दरवाजा लावीत असत. लढाईचे खरे हाल ज्यांच्या हाती शस्त्र नाही त्यांच्याच वाट्यास येतात, हे आपल्या पूर्वजांस अनुभवाने ठाऊक होते. आज ज्याचे चरित्र सांगावयाचे आहे त्या राजाचे किल्लेही अशाच मातीच्या जाड तटांचे होते, आणि एका हिवाळ्यात त्यांच्या आश्रयाने आपल्या मराठी मुलखातील हजारो जिवांचे रक्षण झाले.

सूरजमलाचा जन्म १७०७ साली झाला. त्याच वर्षी औरंगजेब बादशहा मरण पावला. तो जाट कुळातील होता. दिल्ली व आग्रा यांच्या आसपासचे हे जाट मूळचे शेतकरी, हातात नांगर आणि कमरेला तलवार असे. त्याचा पिता बदनसिंग १७५६ साली वारला, परंतु कारभार त्यापूर्वीच बहुतेक सूरजमलाच्या हाती आला होता. भरतपूर, डीग, कुम्हेर व वेर हे चार किल्ले त्याच्या राज्याचे आधारस्तंभ होते. पुढे १८०५ साली इंग्रजांचा सेनापती लॉर्ड लेक ह्याने भरतपुरावर चार वेळा हल्ले केले आणि चारही वेळा तो मागे हटला, इतके ते मातीचे तट बळकट होते.

हा राजा निर्दोष होता असे मात्र कोणी समजू नये. १७५३ साली बादशहा व वजीर यांच्या भांडणात वजिराची बाजू घेऊन त्याच्या जाटांनी जुनी दिल्ली लुटली. त्या वेळी किती कुटुंबे उघड्यावर पडली असतील! दिल्लीकर लोक त्या लुटीस जाटगर्दी म्हणत. थोरांच्या चरित्रातून असे पान फाडून टाकण्याची चाल आहे, परंतु ती बरी नव्हे.

पुढच्याच वर्षी, १७५४ साली, मराठ्यांनी कुम्हेरास वेढा घातला. त्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून मल्हारराव होळकराचा एकुलता पुत्र खंडेराव, म्हणजे अहिल्याबाईंचा पती, ठार झाला. मल्हाररावाच्या क्रोधास सीमा राहिली नाही. जयाप्पा शिंद्याच्या मध्यस्थीने कसाबसा तह झाला आणि सूरजमलाने तीस लाख रुपये देण्याचे कबूल केले. अर्थात दोहोंकडे जखम राहिली.

अशा स्थितीत १७६० साली सदाशिवरावभाऊ मोठी फौज घेऊन अब्दालीशी लढण्यास उत्तरेत आला. त्या लष्कराबरोबर सरदारांच्या स्त्रिया, मुले, दासी व तीर्थयात्रेच्या आशेने निघालेली साधी माणसे असा प्रचंड जमाव होता. सूरजमल भाऊस येऊन मिळाला आणि त्याने स्पष्ट सल्ला दिला, की बायकामुले व अवजड सामान चंबळेच्या पलीकडे मागे ठेवावे, अथवा हवा असेल तर माझा एक किल्ला त्यासाठी घ्यावा. लढणाऱ्यांनी सडे होऊन लढावे. सर्व मसलतीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची होती, असे आम्हांस वाटते. परंतु ती मानली गेली नाही. दिल्ली हाती आल्यावर भाऊने तेथील दिवाणखान्याचे रुप्याचे छत काढून त्याची नाणी पाडली. अशा कारणांनी सूरजमलाचे मन विटले व तो आपल्या मुलखात परत गेला. तो राहिला असता तर काय झाले असते, हा वाद पुष्कळांनी घातला आहे; आपण त्यात पडू नये.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा संहार झाला. दुसऱ्या दिवशी छावणीतील पुरुषांची कत्तल झाली, आणि हजारो स्त्रिया व मुले गुलाम म्हणून विजयी शिपायांनी वाटून घेतली. नाना फडणीस तेव्हा अठरा वर्षांचा होता. आई व पत्नी यांस घेऊन तो लष्कराबरोबर गेला होता. तो स्वतः वाचला, पत्नी पुढे भेटली, आई मात्र कायमची हरवली. एका घरची ही कथा. अशी घरे किती होती कोण मोजणार?

जे निसटले ते दक्षिणेकडे धावत सुटले. पानिपत ते मथुरा हे अंतर सुमारे दीडशे मैल. कडाक्याची थंडी, पोटात अन्न नाही, अंगावर धड वस्त्र नाही, आणि वाटेतले गावकरीही उरलेसुरले लुटून घेत. सूरजमलाच्या हद्दीत पाय पडताच ही लूट थांबली. त्याने शिपाई पाठवून वाट राखली. राणी किशोरी हिने अन्न, वस्त्र व वाटखर्च देण्याची व्यवस्था केली. जखमींस औषधोपचार झाले. विसावा झाल्यावर त्यांस बरोबर रखवाली देऊन ग्वाल्हेरीस, मराठ्यांच्या मुलखात, पोहोचविले. भाऊची पत्नी पार्वतीबाई हीही ह्याच वाटेने सुखरूप परतली. बाजीराव व मस्तानी यांचा पुत्र समशेर बहाद्दर घायाळ होऊन आला होता. त्याची शुश्रूषा केली तरी तो वाचला नाही. त्याचा अंत त्याच मुलखात झाला.

हे करणे सोपे होते असे नाही. अब्दाली मार्च महिन्यापर्यंत दिल्लीतच होता. त्याने १७५७ साली मथुरेत केलेली कत्तल सूरजमलाची प्रजा विसरली नव्हती. विजयी शत्रूचा रोष ओढवून घेणे, तेही कालपर्यंत आपल्या तटांवर तोफा डागणाऱ्यांच्या बायकामुलांसाठी, हे कोणत्या राजास परवडते? त्या पळणाऱ्यांत मल्हाररावाची माणसेही होती. दार बंद ठेवले असते तरी त्यास कोणी फारसा दोष दिला नसता.

त्याच वर्षी जून महिन्यात त्याने आग्रा घेतले. पुढे नजीबखान रोहिल्याशी युद्ध जुंपले, आणि २५ डिसेंबर १७६३ रोजी दिल्लीजवळ हिंडण नदीच्या काठी तो अकस्मात मारला गेला. त्याचा पुत्र जवाहरसिंग ह्याने गोवर्धनाजवळ कुसुम सरोवराच्या काठी त्याची दगडी छत्री उभारली. मधोमध सूरजमलाची छत्री आहे, आणि दोहो बाजूंस हंसिया व किशोरी ह्या त्याच्या दोन राण्यांच्या आहेत.