शब्दांची सोयरीक जाणणारा शिक्षक : ए. एस. हॉर्नबी

वसतिगृहात राहून शिकलेल्या कित्येक मुलामुलींच्या ट्रंकेत दोन जोड कपडे, ताट-वाटी आणि एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश एवढाच ऐवज असे. पुढे महाविद्यालय, स्पर्धा परीक्षा, नोकरीची मुलाखत अशा प्रत्येक वळणावर त्या कोशाने सोबत केली. त्याच्या मुखपृष्ठावरील ऑक्सफर्ड हे नाव सर्वांच्या लक्षात राहिले. कोशकर्त्याचे नाव मात्र क्वचितच कोणी आवर्जून वाचले असेल. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या कोशकर्त्या शिक्षकाची जीवनकथा आम्ही माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे ठेवीत आहोत.

आल्बर्ट सिडनी हॉर्नबी यांचा जन्म १० ऑगस्ट १८९८ रोजी इंग्लंडमधील चेस्टर येथे झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंग्रजी विषय घेऊन ते पदवीधर झाले आणि १९२४ च्या सुमारास अध्यापनासाठी जपानला गेले. क्यूशू बेटावरील ओइता हे त्यांचे पहिले कार्यक्षेत्र. तेथे त्यांना इंग्रजी साहित्य शिकवायचे होते. परंतु समोर बसलेल्या जपानी तरुणांची गरज निराळी आहे, हे त्यांनी लवकरच ओळखले. त्या तरुणांना काव्यसौंदर्याच्या आधी भाषाच हवी होती. व्याकरणाचे नियम त्यांना पाठ होते, शब्दांचे अर्थही ठाऊक होते. तरी त्यांचे वाक्य इंग्रजी कानाला परके वाटे. असे का व्हावे, या प्रश्नाने हॉर्नबी यांच्या आयुष्याला दिशा दिली.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मराठीत आपण गाढ झोप म्हणतो, दाट झोप म्हणत नाही. धुके दाट असते, ते गाढ नसते. पाऊस मुसळधार, थंडी कडाक्याची आणि अंधार मिट्ट. हे आपल्याला कोणी नियम सांगून शिकवले नाही. आईच्या बोलण्यातून ते कानी आले आणि जिभेवर बसले. शब्दांच्याही सोयरिकी ठरलेल्या असतात. प्रत्येक भाषा त्या आपापल्या रिवाजाने जुळवते, आणि एका भाषेतील सोयरीक दुसऱ्या भाषेत चालतेच असे नाही. आपला कडक हा एकच शब्द पाहा. चहा कडक असला तर इंग्रजीत तो ‘स्ट्राँग’ होतो, शिस्त कडक असली तर ‘स्ट्रिक्ट’ होते आणि कडाक्याची थंडी ‘बिटर’ ठरते. आपण फोटो काढतो, चित्र काढतो आणि दोन्हीकडे एकच क्रियापद वापरतो; इंग्रजीत मात्र फोटोसाठी ‘टेक’ लागते आणि चित्रासाठी ‘ड्रॉ’. सुटा शब्द आणि त्याचा सुटा अर्थ पाठ करणाऱ्याला ही वाट सापडत नाही, कारण चूक शब्दात नसते. ती दोन शब्दांच्या जोडीत असते.

या जोड्यांचा शास्त्रशुद्ध विचार करणारा एक शिक्षक त्या काळी टोकियोतच होता. हॅरोल्ड पामर हे त्यांचे नाव. १८७७ साली लंडनमध्ये जन्मलेल्या पामर यांनी बेल्जियममध्ये परभाषिकांना इंग्रजी शिकवता शिकवता भाषाध्यापनाचे शास्त्र स्वतः घडवले होते. १९२२ मध्ये जपानच्या शिक्षण खात्याचे सल्लागार म्हणून ते टोकियोला आले आणि १९२३ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली तेथे इंग्रजी अध्यापनाची संशोधन संस्था सुरू झाली. ओइतासारख्या दूरच्या गावी वर्ग घेणारे हॉर्नबी या कार्याकडे ओढले गेले आणि पुढे पामर यांचे निकटचे सहकारी झाले. १९३३ मध्ये पामर यांनी इंग्रजीतील शब्दजोड्यांवरील अहवाल प्रसिद्ध केला. एकत्र येणारे शब्द सुटे सुटे न शिकता अखंड एकक म्हणून शिकले पाहिजेत, हा त्यामागचा विचार होता. आज जगभर इंग्रजीच्या वर्गांत ज्याला ‘कोलोकेशन’ म्हणतात, त्याच्या अध्यापनाचा पाया असा जपानमध्ये घातला गेला.

१९३६ साली पामर मायदेशी परतले आणि संस्थेच्या संशोधनाची धुरा हॉर्नबी यांच्याकडे आली. ई. व्ही. गेटनबी आणि एच. वेकफील्ड या दोन सहकाऱ्यांसह त्यांनी एक शब्दकोश रचण्याचे काम हाती घेतले. त्या वेळचे मोठे इंग्रजी कोश प्रामुख्याने इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांच्यासाठी लिहिलेले होते. शब्दाचा अर्थ सांगितला की त्यांचे काम संपे, कारण तो वापरायचा कसा हे वाचकाला लहानपणापासून ठाऊकच असे, असे ते धरून चालत. हॉर्नबी यांनी कोशाची बाजूच बदलली. इंग्रजी समजून घेणाऱ्या वाचकासोबतच ती लिहू आणि बोलू पाहणारा परका विद्यार्थी त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

म्हणून या कोशात नामापुढे ते मोजता येणारे की न मोजता येणारे याची खूण आली. क्रियापदामागून वाक्याची रचना कोणकोणत्या प्रकारे चालते, याचे पंचवीस साचे ठरवले गेले आणि क्रियापदापुढे साच्याचा क्रमांक दिला गेला. याचा उपयोग काय, हे एका उदाहरणावरून कळेल. ‘टेल मी’ बरोबर असल्यामुळे ‘एक्सप्लेन मी’ हेही बरोबर असावे, असे विद्यार्थ्याला साहजिकच वाटते. पण ‘एक्सप्लेन’ हे क्रियापद त्या साच्यात बसत नाही. तेथे ‘एक्सप्लेन इट टू मी’ अशीच रचना हवी. अर्थ देऊन थांबणारा कोश हे सांगू शकत नाही. हॉर्नबी यांच्या कोशाने ते सांगितले आणि छोट्या छोट्या उदाहरणांतून कोणता शब्द कोणाच्या सोबतीने वावरतो हेही दाखवले.

कोशाचे काम पुरे होत आले, तो काळ मोठा कठीण होता. डिसेंबर १९४१ मध्ये जपान महायुद्धात उतरला आणि ज्या देशात हॉर्नबी यांनी उमेदीची वर्षे वेचली, त्याच देशात ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. १९४२ मध्ये त्यांना जपान सोडावे लागले. इंग्रजी ही जपानमध्ये तेव्हा शत्रूची भाषा मानली जात होती. तरीही त्याच वर्षी टोकियोच्या काइताकुशा या प्रकाशनसंस्थेने तो कोश छापून प्रसिद्ध केला. दोन देशांची सैन्ये एकमेकांवर तुटून पडत असताना एका इंग्रज शिक्षकाचे विद्याकार्य जपानी हातांनी जतन केले, ही घटना आम्हाला फार मोलाची वाटते. विद्येचे नाते वैराहून चिवट असते, याचा याहून सरळ दाखला कोणता द्यावा?

जपान सोडल्यावर हॉर्नबी ब्रिटिश कौन्सिलच्या सेवेत शिरले आणि युद्धकाळात इराणमध्ये काम केले. १९४६ मध्ये त्यांनी इंग्रजीच्या शिक्षकांसाठी एक नियतकालिक सुरू केले आणि त्याचे संपादन केले. १९४८ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने टोकियोच्याच आवृत्तीची छायाप्रत छापून तो कोश जगापुढे आणला. तोच पुढे ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ या नावाने देशोदेशी पोहोचला. १९५४ मध्ये इंग्रजीच्या वाक्यरचनांवरील त्यांचा मार्गदर्शक ग्रंथ आला आणि कोशाच्या सुधारित आवृत्त्यांचे कामही चालू राहिले.

कोशाची विक्री वाढली तसे उत्पन्नही वाढले. त्या उत्पन्नाचे हॉर्नबी यांनी काय केले, हे आमच्यासारख्या शिक्षणसंस्थेने विशेष लक्षात ठेवावे. १९६१ मध्ये त्यांनी एक शैक्षणिक विश्वस्त निधी स्थापला आणि आपल्या पुस्तकांच्या मानधनाचा मोठा भाग त्याकडे वळवला. परदेशांतील इंग्रजीच्या शिक्षकांना पुढील शिक्षण घेता यावे, हा त्याचा हेतू. विद्यार्थ्यांच्या अडचणींतून जे उभे राहिले, ते शिक्षकांच्या हाती देऊन पुन्हा विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवण्याची ही सोय होती. १३ सप्टेंबर १९७८ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी हॉर्नबी यांचे निधन झाले. त्यांचा निधी आजही काम करीत आहे.

या जीवनातून आपल्या मुलांनी काय घ्यावे? घरात इंग्रजीचा शब्द नसताना आमच्या शाळेत आलेली आणि शिकून मोठी झालेली पिढी आज या स्मरणिकेची वाचक आहे. व्याकरण शुद्ध असूनही बोलणे परके वाटते, म्हणून मुलाखतीत मान खाली घालण्याचा अनुभव तिच्यातील अनेकांनी घेतला आहे. सहज इंग्रजी ही जन्माने मिळणारी मिरास आहे, असा समज त्यातून बळावतो. हॉर्नबी यांचे कार्य हा समज खोटा ठरवते. ज्याला आपण सहजता म्हणतो ती पुष्कळ अंशी ठरलेल्या शब्दजोड्यांची ओळख असते. आणि ओळख करून घेता येते. शिवाय हा कोश ऑक्सफर्डच्या दालनात जन्मलेला नाही. तो आशियातील एका देशात, परकी भाषा शिकताना अडखळणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे जन्मला. त्यांच्या शंका नसत्या, तर तो लिहावा असे कोणाला सुचले असते का? म्हणून अडखळणे ही लाजेची गोष्ट नव्हे.

आज शाळेत असलेल्या मुलांना आम्ही एवढेच सुचवू. एक वही करावी. तीत नवा शब्द एकटा लिहू नये. तो ज्या शब्दासोबत वाचनात भेटला, त्या जोडीसह लिहावा. ‘मिस्टेक’ लिहिताना ‘मेक अ मिस्टेक’ लिहावे, ‘अटेन्शन’ लिहिताना ‘पे अटेन्शन’ लिहावे. ‘डिस्कस’ या क्रियापदानंतर ‘अबाउट’ लागत नाही, हेही उदाहरणासह टिपावे. मोठ्या शब्दांच्या मागे लागण्यापूर्वी ‘टेक’, ‘मेक’, ‘गिव्ह’ यांसारख्या लहान क्रियापदांचे सोबती ओळखावेत. रोज चार जोड्या टिपल्या, तरी वर्षाकाठी हजाराहून अधिक होतात. त्या मोठ्याने वाचाव्यात, पत्रात वापराव्यात, मित्राशी बोलताना योजाव्यात. आणि हे करताना आपल्या मराठीतील जोड्यांकडेही जाणीवपूर्वक पाहावे. ज्याला गाढ झोप आणि दाट धुके यांतला भेद जाणवतो, त्याला इंग्रजीतला भेदही लवकर उमगतो.