पस्तीस वर्षांचा ध्यास आणि जस्ताचे दोन अणू

डोरोथी हॉजकिन यांचा जन्म १९१० साली कैरोचा. १९३४ मध्ये ऑक्सफर्डला त्यांच्या हाती इन्सुलिनचे जेमतेम दहा मिलिग्रॅम स्फटिक आले. जस्त, म्हणजेच झिंक असेल तरच इन्सुलिनचे चांगले स्फटिक होतात, हे त्याच सुमारास कळले होते. स्फटिकावर क्ष-किरण सोडायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून आतली रचना ओळखायची, हे त्यांचे शास्त्र. मात्र इन्सुलिनचा रेणू त्या काळच्या गणिताला पेलणारा नव्हता.

त्याच वर्षी, चोविसाव्या वर्षी, त्यांना संधिवाताचे निदान झाले. पुढे हातापायांची बोटे वाकडी झाली; पण काम थांबले नाही. पेनिसिलिन आणि ब-१२ जीवनसत्त्वाची रचना त्यांनी उलगडली, १९६४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. इन्सुलिन मात्र मनातून गेले नव्हते.

अखेर १९६९ मध्ये, पस्तीस वर्षांनी, ते कोडे सुटले. त्यांच्या चमूत भारताचे एम. विजयनही होते. चित्र असे दिसले: इन्सुलिनचे सहा रेणू एकत्र बसलेले आणि मधोमध जस्ताचे दोन अणू त्यांना धरून ठेवणारे.

स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन याच रूपात साठवतात. जेवणानंतर साखर वाढली की हा साठा रक्तात सोडला जातो, जुडी सुटते आणि रेणू एकेकटे होतात. असा सुटा रेणूच पेशीवरच्या ग्राहीला चिकटतो आणि साखर आत घेण्याचा निरोप देतो. म्हणजे जस्त निरोप जपून ठेवते, तो पोहोचवतो सुटा रेणू. बीटा पेशींत जस्त नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातील काही फरकांचा टाइप-२ मधुमेहाच्या जोखमीशी संबंध आढळला आहे. म्हणून झिंकच्या गोळ्यांनी मधुमेह बरा होतो असे नाही. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

या रचनेच्या ज्ञानातूनच पुढे रेणूत किंचित बदल करून जुडी लवकर सुटणारी इन्सुलिन तयार झाली. जेवणाआधी ती टोचून घेणारे अनेक रुग्ण आज आहेत.

हॉजकिन १९९४ मध्ये गेल्या. वाकड्या बोटांनी त्यांनी जे शोधले, ते आज इंजेक्शनच्या पेनात आहे.