सुभेदार रामजीबाबा : एक कष्टाळू बाप



विहाराच्या वर्धापनदिनी आम्ही दरवर्षी बाबासाहेबांवर बोलतो. बोलायलाच पाहिजे. पण बाबासाहेबांना घडविणाऱ्या बापाचं नाव भाषणात एका वाक्यात येतं आणि निघून जातं. म्हणून या स्मरणिकेत आम्ही सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्यावर चार शब्द लिहीत आहोत.

रामजीबाबांचं मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. वडील मालोजी लष्करात होते, तेही लष्करात गेले. पुण्यात पंतोजीचं शिक्षण घेऊन ते लष्करी शाळेत शिक्षक झाले आणि १४ वर्षे मुख्याध्यापक राहिले. सुभेदार-मेजर मुरबाडकरांच्या कन्या भीमाई ह्या त्यांच्या पत्नी. या जोडप्याला १४ अपत्यं झाली. त्यातली बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि १४ एप्रिल १८९१ रोजी महूला जन्मलेला भीमराव एवढीच पाच जगली. आपली इतकी लेकरं मातीआड करून उरलेल्यांना उभं करणं म्हणजे काय, हे ज्याच्यावर बेततं त्यालाच कळतं.

रामजीबाबा कबीरपंथी होते. दारू नाही, मटण नाही. घरात रोज पहाटे आणि संध्याकाळी भजन. सरकारने लष्करात महारांची भरती बंद केली तेव्हा १८९२ च्या सुमारास त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून अर्ज लिहून घेतला व सरकारकडे दाद मागितली. म्हणजे घर आणि समाज, दोन्हीकडे त्यांचं लक्ष होतं.

१८९४ च्या सुमारास ते निवृत्त झाले. पेन्शन महिना ५० रुपये. आधी दापोली, मग सातारा. १८९६ साली साताऱ्यात भीमाई गेल्या. आईविना लेकरं आत्या मीराबाईंनी सांभाळली. पुढे रामजीबाबांनी दुसरं लग्न केलं, ते छोट्या भीमाच्या मनाला लागलं. हेही सांगितलं पाहिजे. बाप देव नसतो, माणूसच असतो.

१९०१ साली ते सातारा जिल्ह्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. सुट्टीत पोरं त्यांना भेटायला निघाली, पण पत्र वेळेवर पोचलं नाही. मसूर स्टेशनवर न्यायला कुणीच नाही. जात कळल्यावर गाडीवाला मिळेना, रात्रभर पाणी मिळेना. त्यात बापाची चूक नव्हती.

१९०४ साली कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आलं. एकच खोली. त्यातच चूल, जातं, सामानसुमान. सगळ्यांना झोपायला जागा नाही. तेव्हा रामजीबाबांनी तोड काढली. भीमाला लवकर झोपवायचं, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचं, मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागेवर आपण पडायचं. आम्ही गिरणीत तिसरी पाळी केलेली माणसं, रात्रीचे दोन म्हणजे काय ते आम्हाला माहीत आहे.

भीमाने पुस्तक मागितलं आणि हातात पैसा नसला, की हा बाप लग्न झालेल्या लेकींच्या दारात जायचा. त्यांचा दागिना मागून घ्यायचा, मारवाड्याकडे गहाण ठेवायचा, पेन्शन आली की सोडवून परत द्यायचा. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, त्यात मंजुळा आणि तुळसा या बहिणींचाही वाटा आहे.

इथे आम्हाला आमचीच लाज वाटते. घरात ओढाताण होती तेव्हा पोराची शाळा चालावी म्हणून आम्ही मुलीला सातवीतून काढलं. तिने तोंडातून शब्द काढला नाही. रामजीबाबा निदान दागिना परत नेऊन द्यायचे. आम्ही तिची शाळा परत कुठून देणार? आज तिच्या मुलीच्या फीचा काही भाग आम्ही भरतो, पण फेड होत नाही.

१२ डिसेंबर १९१२ रोजी नातू यशवंत जन्मला. पण नातवाचा सहवास दोन महिनेही लाभला नाही. जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याला नोकरीला गेले. वडिलांची इच्छा नव्हती. थोड्याच दिवसांत ते अत्यवस्थ असल्याची तार आली. येताना भीमराव वडिलांसाठी बर्फी घ्यायला सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. पोचले तेव्हा बापाचे डोळे लेकालाच शोधत होते. लेकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी प्राण सोडला. त्याच वर्षी लेक कोलंबिया विद्यापीठात गेला. ते बघायला बाप राहिला नाही.

तोच नातू पुढे भैयासाहेब आंबेडकर म्हणून भारतीय बौद्ध महासभेचा अध्यक्ष झाला. दादरची चैत्यभूमी उभी राहिली त्यामागे त्यांचे कष्ट आहेत.

बांधवांनो, रामजीबाबांकडे जमीन नव्हती, पैसा नव्हता. होती ती झोप, तीच त्यांनी लेकराला दिली. आपल्या खोलीत आज टीव्ही आहे, दिवा आहे. रात्री पोरगं किंवा पोरगी पुस्तक घेऊन बसली तर टीव्ही बंद करा, आणि त्यांच्यासोबत तासभर जागा. पोराला जितकं, तितकंच पोरीला. रामजीबाबांना हेच खरं अभिवादन होईल.

जयभीम! नमो बुद्धाय!